डबीतला दुभाष्या

सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली
त्या वर्षी घेतला हा खोका.
बँकेतल्या नलूताई करमरकर म्हणाल्या,
एवढ्यात स्कूटर आली असती गं.
आली असती. आणि एव्हाना भंगारात गेली असती.

काळा, जड, हात ठेवला तर थंड.
कपाळावर हिरव्या अक्षरांची एकच ओळ सरकत जायची,
रागाचं नाव, गाणाऱ्याचं नाव,
लांबलं तर पुन्हा पहिल्यापासून.
बारा वर्षं.
मग एका गुरुवारी, पोहे परतत असताना,
ओळ म्हणाली : सेवा बंद.

कंपनीचं पत्र नाही, फोन नाही.
त्याचं ॲप नव्या मोबाईलवर उतरेना.
एम. जी. रोडच्या चकचकीत दुकानात
टाय लावलेला मुलगा म्हणाला,
मॅडम, याचं आयुष्य संपलं.
मी म्हटलं, आवाज ऐकलास का याचा?
तो म्हणाला, सपोर्ट संपला ना.
त्याला वाटलं, तो तेच पुन्हा सांगतोय.

सियागंजातले मुस्तनसिरभाई
आधी झाकण उघडून आत फुंकर मारतात,
मगच बोलतात.
म्हणाले, "गला साफ़ है बहनजी.
नई बोली नहीं समझता, बस."

आणि पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा
एक हिरवा बोर्ड काढून ठेवला काउंटरवर.

आता हा चिमुकला बाहेर जातो.
नव्या लोकांची कुलपं, पासवर्ड, महिन्याचे पैसे,
दर पंधरा दिवसांनी बदलणारे त्यांचे नियम
सगळं हाच निस्तरतो,
आणि परत येऊन खोक्याच्या कानात
त्याला कळेल अशा जुन्या शब्दांत सांगतो :
अमक्या दाराशी गाणं ठेवलंय, उचल.
खोक्याला वाटतं,
घरातल्याच कपाटातून निघालं.
मी त्याला काही सांगत नाही.

बोर्ड आधी जिरावणाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला होता.
पत्र्यातून वायफाय बाहेर पडेना.
मग प्लॅस्टिकची डबी घेतली, तीही जिरावणाचीच,
तापलेल्या सुईने तिला भोकं पाडली.
दोन तास गाणं चाललं की
खोलीत हिंगाचा वास येतो.
केदाराला तो शोभतो.
बाकी रागांचं अजून ठरलेलं नाही.

दिवाळीत पुण्याहून भाची आली, शाल्मली.
राउटरमध्ये खोक्यासाठी तिने
एक वेगळं, कच्च्या कडीचं दार काढून दिलं,
कारण पक्क्या कड्या त्याला उघडतच नाहीत.
त्या दारातून बाकी घरात मात्र
कुणाला शिरता येत नाही म्हणे.
काम करताना मी सहज म्हटलं,
थांब, नळ आले, पाणी भरून घेते,
काल तर लाईट पण चालली गेली होती.
ती हसत सुटली.
आत्या, तुमच्या मराठीला अपडेट कधी आलं होतं गं शेवटचं?

मी हिशोब केला.
पणजोबा होळकरांच्या कचेरीत लागले तेव्हा, बहुधा.
त्यानंतर दुधवाल्याशी एक बोली, देवाशी एक,
बँकेत तिसरी,
आणि मध्ये बसून सारखं कुणीतरी
इकडचं तिकडे करत राहिलेलं.
तिला हे सगळं नाही सांगितलं. पाणी भरलं.

एक अडचण राहिली आहे.
लाईट आली की दोघं एकदम जागे होतात,
आणि खोका आधी उठला
तर त्याला डबी सापडत नाही, रुसून बसतो.
म्हणून काल रात्री, साडेअकराला,
मी अंधारात स्विचबोर्डाजवळ उभी.
आधी डबीचं बटण.
मग मनात साठपर्यंत आकडे,
घाई न करता, बँकेत नोटा मोजायचे तसे.
अठ्ठावनला डबीतला लाल ठिपका स्थिर झाला.
तरी दोन आकडे मोजलेच.
मग त्याचं बटण.

काही नाही.
काही नाही.
शेजारच्या कूलरची घरघर.
मग कपाळावर एक हिरवं अक्षर,
त्याच्यामागून दुसरं.