एक नंबर

सोमवारी शिरोलीत लाइट नसते.
आली की तिन्ही मशीनं उठवायची माझ्याकडं.
मगदूम मालक म्हणाले, शिकलगार, तिन्हीत चांगलं कुठलं
ते एकदाचं सांग, एकच ठेवू, बाकीची मोडीत.

जुनं आहे ऑफिसात, हजेरीचं.
त्याच्या पोटात चिठ्ठ्या, प्रत्येकीवर आकडा,
आणि आकड्याप्रमाणंच उठायचं:
आधी नेटवर्क, मग घड्याळ, मग डेटाबेस, मग अंगठ्याचं यंत्र.
डेटाबेस रुसला की मागं सगळी रांग
गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
म्हैस पान्हा सोडीना म्हणून
पेला धरून उभी असावी, तशी.
पण चिठ्ठी उघडून वाचता येते, हे खरं.
एकवीस नंबरच्या चिठ्ठीत अजून केरबाकाकांची ओळ आहे:
इथं पाच सेकंद थांब. का ते विचारू नको.
विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही.

नवं आहे भट्टीच्या तापमानाचं.
त्याला आकडे चालत नाहीत, नाती सांगावी लागतात.
कुणाचं कुणावाचून अडतं,
कुणी कुणाच्या मागनं यायचं,
कोण नसलं तरी लग्न लागतं.
तेवढं कळलं की जे मोकळे आहेत ते सगळे एकदम उठतात.
अकरा सेकंदात भट्टीचा आकडा पडद्यावर.
नाद खुळा.
पण बघता बघता त्यानं घड्याळ स्वतःकडं घेतलं,
लॉगिन घेतलं, पत्ते शोधायचं काम घेतलं,
रोजनिशी अशा लिपीत लिहायला लागलं
की वाचायची तर त्यालाच विनवायचं.
सोसायटीचा चेअरमन तोच, सेक्रेटरी तोच, तपासनीस तोच,
आणि काम चोख,
त्यामुळं सभेत उठून बोलावं तरी काय.

तिसरं काट्याच्या केबिनमध्ये, जेवणाच्या डब्याएवढं.
तिथं प्रत्येक कामाच्या दारात एकेक राखणदार.
आतला पडला, उठव.
परत पडला, परत उठव.
आधी कोण, मग कोण, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.
नेटवर्क यायच्या आत काटा पडतो, उठतो, पडतो,
तालमीतल्या मातीत पहिल्या दिवशीचं पोरगं जसं.
बाहेर भंगाराचा ट्रक हॉर्न वाजवत असतो.
मग कधीतरी नेटवर्क येतं
आणि काटा असा उभा राहतो
की पडलाच नव्हता.

मालक, एकच कुठलं ठेवू?
जलद म्हणाल तर भट्टीचं.
रात्री दोनला उघडून दुरुस्त करायचं म्हणाल तर ऑफिसातलं.
विसरून जायचं असेल तर काट्याचं.

तिन्हीकडं पहिला जो उठतो तो एक नंबर.
त्याचं एक काम तुम्हाला सांगितलं नाही, कोटेशनमध्ये ते येत नाही.
एखादं काम आपली पोरं मागं ठेवून मरतं,
तेव्हा ती पोरं न विचारता एक नंबरच्या पदरात पडतात.
त्यातलं एखादं संपलं
की जाताना एक आकडा ठेवून जातं.
शून्य, म्हणजे सगळं आवरून गेलं.
दुसरं काही, म्हणजे काहीतरी राहिलं.
तो आकडा कुणीतरी वाचावा लागतो.
वाचेपर्यंत नाव यादीतून हलत नाही.
खात नाही, पीत नाही, काम करत नाही,
नुसतं नाव.

हजेरीच्या यादीत चारशे बारा जण आहेत.
चारशे अकरा जण अंगठा लावतात.
केरबा दादू सुतार मार्चपासून रोज गैरहजर,
आणि यंत्र रोज संध्याकाळी
त्यांचा पगार कापल्याची पावती काढतं.
शेवटची तारीख टाकायचा हक्क फक्त माझ्या खात्याला.

आज टाकूया म्हणून बसलो होतो.
साडेसहाला लाइट आली.
पंखा फिरला, दहा गेलं, वीस गेलं,
एकवीसला मशीन थांबलं.
पाच सेकंद.

मीपण थांबलो.