छाट

विडी कारखान्याच्या ब्रँचला एक खिडकी असायची.
खिडकीत चेकर,
चेकरपुढं आईचं सूप, सुपात हजार विड्या,
आणि आईमागं मी, दप्तरासकट,
कारण हिशोब मला यायचा.

तो मूठभर उचलायचा, दोन बोटांत दाबायचा,
आणि शंभर-सव्वाशे बाजूला टाकायचा.
छाट.
का, ते सांगायचा नाही.
छाटलेल्या विड्या परतही द्यायचा नाही.
मी घरी येऊन वहीत मांडायचे:
कमी पडलेलं पान आम्ही विकत आणलेलं,
दोरा आईच्या बोटांतला,
मग छाट जाते कुठं?
आई म्हणायची, बिड्डा, गणित सुटतंय ना तुला, बास की.

आता मी संगणकशास्त्र शिकवते
अक्कलकोट रोडच्या एका कॉलेजात, तासिका तत्त्वावर.
म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचे पैसे नाहीत,
आणि वर्गाबाहेर केलेला विचार
कुठल्याच रजिस्टरात चढत नाही.
पीएच.डी. झाली तेव्हा मामीनं विचारलं,
डॉक्टर झालीस, मग गुडघ्याला काय घेऊ?

एका मुलाखतीला पॅनेलवर सात पुरुष होते, एक बाई.
लग्नानंतर संशोधन जमेल का, एकानं विचारलं.
मी बाईंकडं बघितलं.
त्या चहाचं सांगायला उठल्या होत्या.

काम माझं तसं साधं आहे:
विडी घरकुलातल्या बायका बोलतात ते
यंत्राला ऐकू यावं.
एकाच वाक्यात त्या तेलुगूतून निघतात,
मराठीत टेकतात, कन्नडमधला एखादा शब्द उचलतात,
उर्दूत शिवी देऊन घरी येतात.
चाळीस तास आवाज जमवला.
मागं कात्रीची करकर, कुकर, पंखा,
मध्येच नर्सव्वा पोगुल हसते, ते दीड मिनिट.
मोठ्या कंपनीच्या मोठ्या मॉडेलला ऐकवला.
आई विचारत होती, जेवलीस का लेकरा:
"बिड्डा, तिन्नावा?"
मॉडेलनं लिहिलं:
"बिडी, तीन नावं."

मी हसले. मग बराच वेळ हसू आलं नाही.

पेपर पाठवला. परत आला.
दुसऱ्या परीक्षकाच्या तीन ओळी:
डेटा थोडा आहे.
अशी भाषा कुठल्याही यादीत नाही.
उपयोग कुणाला?
नाव नाही, चेहरा नाही.
खिडकी तेवढी होती.

गेल्या आठवड्यात मलाच एक पेपर आला,
तपासायला, पहिल्यांदाच.
लेखकाचं नाव झाकलेलं, इंग्रजी अडखळत,
कुठल्याशा डोंगरातली बोली, तीनशे नोंदी,
एक आकृती उलटी चिकटवलेली.
कळत होतं, कुणीतरी हे
रात्री, बाकीचं सगळं उरकून केलंय.

आणि काम कच्चं होतं.
पान ओलं, दोरा सैल.
पास करायला कारण मिळावं म्हणून
दोन रात्री बसले.
मिळालं नाही.

मग नकार लिहिला.
साडेतीन पानं लिहिला.
कुठलं गणित चौथ्या पानावर सुटून गेलंय,
कुठली चाचणी आधी घ्यायला हवी होती,
आकृती सुलटी केली तर काय दिसतं,
आणि तुम्हाला ते दिसलेलं नाही, पण आहे, हेही.
शेवटी एक ओळ:
एकशे चौदाव्या नोंदीत मागं कुणीतरी हसतंय.
गोंगाट म्हणून ते पुसू नका.

पाठवलं तेव्हा आई शेजारीच होती,
सूप भिंतीला टेकवून टीव्ही बघत.
काय करतीस इतक्या रात्री?
छाट, मी म्हटलं.
तिनं टीव्ही बारीक केला.
"परत दिलीस ना?"