वारो खंयसून, पाणी खंय

ज्या चौकोनात वेंगुर्लं येतं
त्याला हवेच्या मॉडेलमध्ये समुद्र म्हणतात
आणि समुद्राच्या मॉडेलमध्ये जमीन.
म्हणजे हे टेबल, खालचं काजूचं गोदाम,
गोदामातला खोकणारा पंखा,
बंदराचा धक्का, धक्क्यावरची मांजरं
दोघांनीही एकमेकांवर ढकललेली.

मी मध्ये बसते. जोडणी लिहिते.
(बाबा लोकांना सांगतात, थोरली हवामानखात्यात आहे.
दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.)

हवा लिहिली एका माणसाने, फोरट्रानमध्ये,
सहा-सहा अक्षरांची नावं देऊन,
आणि निवृत्त होताना एकच ओळ ठेवून गेला:
इथे हात लावू नये.
समुद्र लिहिला कोचीच्या अन्नम्मा कुरियनने,
तिचं सगळं कसं धुऊन वाळत घातल्यासारखं.
हवा दर दहा मिनिटांनी पाऊल टाकते,
समुद्र तासाने.
मी म्हणते, थांब. हे घे. तिला दे.
आता तू.
एवढंच माझं काम, आणि त्याच्या चौदा हजार ओळी.

श्रावण संपला तेव्हा आमचा अरबी समुद्र तापायला लागला.
खिडकीतला नव्हे, आतला.
मॉडेलच्या बाराव्या वर्षी एकतीस अंश,
विसाव्या वर्षी छत्तीस.
जितकी वाफ जाई तितका तो अधिक तापे,
अधिक तापे म्हणून अधिक वाफ.
हिशेबात कुठूनतरी उष्णता येत होती
आणि कुणीच ती दिलेली नव्हती.
बर्गनचा हॅल्वर म्हणाला, तुमच्याकडची चूक.
अन्नम्मा म्हणाली, माझ्याकडे नाही.
निवृत्त माणसाचा फोन लागत नव्हता.

सातव्या दिवशी मी धक्क्यावर गेले.
पास्कू फर्नांडिस जाळ्यातले खेकडे सोडवत होता,
नांगी धरून, न मोडता, एकेक.
डोळे लाल का म्हणून त्याने विचारलं.
मी काहीतरी सांगितलं, वारा, प्रवाह, कुणाचं कुणाला कळत नाही.
तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला,
"वाऱ्याक इचारूचा, खंयसून इलंस?
पाण्याक इचारूचा, खंय चल्लंस?
दोघांका एकच प्रश्न घातलंस
तर होडी खडपार."

खेकडा निसटला. त्याने शिवी दिली, खेकड्याला.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.
वाऱ्याचं ठीक होतं, वाऱ्याचं कुणीतरी आधीच बघितलेलं.
पण उष्णता?
हवेच्या लेखी अधिक म्हणजे वर.
समुद्राच्या लेखी अधिक म्हणजे आत.
हवा म्हणे, तुझ्याकडून एवढी घेतली,
समुद्र ऐके, तुला एवढी दिली,
आणि बिचारा आपलाच घाम कमाई म्हणून जमा करी.

एक वजाचिन्ह.
त्याला अकरा जणांची संमती लागली, पाच देशांतून,
कारण नुसतं चिन्ह बदलून भागणार नव्हतं.
आता प्रत्येक राशीने दारातच सांगायचं,
कुठून आले, कुठे चालले.
न सांगेल तिला जोडणी आत घेत नाही.
नाव काय ठेवायचं यावर तीन आठवडे गेले.
अन्नम्मा चिडली, मीही चिडले,
हॅल्वरने मध्येच बाळाचा फोटो पाठवला.
शेवटी त्याने विचारलं, या नियमाला संदर्भ कोणता?
मी लिहिलं: पी. फर्नांडिस, वेंगुर्लं बंदर, तोंडी.
त्याने मान्य केलं.

समुद्र आता एकोणतिसावर उभा आहे,
चाळीस वर्षं झाली, हलत नाही.

चौकोनाचं भांडण मात्र तसंच.
अन्नम्मा म्हणते जमीन, हवा म्हणते पाणी,
तूर्त मी तिथे शून्य पूर्णांक पाच लिहून ठेवलंय.
खाली गोदामवाला शटर ओढतो.
ते अर्ध्यावर अडकतं, रोजच्यासारखं,
आणि तो वाकून आत जातो.