काढलेला डोंगर

ब्लायनाय फेस्टिनिओग. गुरुवार, संध्याकाळी सात.
चॅपलच्या मागच्या खोलीत चौदा खुर्च्या, अकरा माणसं
आणि फक्त पहिल्या रांगेवर माया करणारा हीटर.

एल्गन प्रिदर्क, निवृत्त वृत्तछायाचित्रकार,
वायर पायाने सरकवत सांगतो :
तीस वर्षं दंगली काढल्या, पूर काढले, मंत्र्यांचे पडलेले चेहरे,
आता नऊ वर्षं हा एकच डोंगर काढतोय.
(मराठी मी मनात करतेय. तो इंग्रजीत बोलतोय,
मधेच वेल्शमध्ये शिंकतोय.)

पडद्यावर डोंगर. निळा. मग करडा.
मग भिजल्या कावळ्यासारखा.
एका स्लाइडमध्ये डोंगरच नाही, नुसतं धुकं.
'चार तास थांबलो होतो,' तो म्हणतो, 'म्हणून ठेवलाय.'
सगळे हसतात.

मग पश्चिमेचा कडा, पायरी पायरीने उतरलेला.
'ही धार बघा. निसर्गाने काय कोरलंय!'
'निसर्गाने नाही,' मागून आवाज, 'मी.'

मेरिग रोलंड्स, वय शहाऐंशी.
काठीची सावली पडद्यावर फिरते :
इथे मी. इथे माझा भाऊ.
आणि हा एवढा खड्डा दिसतोय ना,
तो लिव्हरपूलच्या छपरांवर आहे.

एल्गन गप्प.
प्रोजेक्टरचा पंखा तेवढा बोलत राहतो.

मला माझी पाटी आठवते, कोपरा फुटलेली,
'ग' उलटा काढला म्हणून थुंकीने पुसलेली.
तीही कुठल्यातरी डोंगरातून काढलेली असणार.
आपल्याकडे सगळं काढतातच :
अक्षर, दगड, फोटो, उणीदुणी,
परक्या गावात दिवस.

चहाच्या रांगेत मेरिग मला ओळखतो.
'तू बँगोरच्या हॉस्पिटलातली.
श्वास आत घ्या, धरून ठेवा.'
हो, तीच.
मागच्या मंगळवारी थंड फळीला टेकवून
मीच काढला त्याच्या छातीचा फोटो :
काळ्यावर पांढरे ठिपके,
वरच्या अंगाला दाट.
लिव्हरपूलला न गेलेला डोंगर.

तो टेबलावरून धुक्याचं पोस्टकार्ड उचलतो,
डोळ्यांपाशी नेतो, लांब धरतो.
'हा घेतो,' म्हणतो,
'यातला अजून पुरता आहे.'
आणि खिसे चाचपून
माझ्याकडून दहा पेन्स उसने घेतो.