दाताची नोंद

वास्कोच्या खारीवाड्यावर पहाटे ट्रॉलर रिकामा होतो,
आणि बांगडे, माणक्यो, सुंगटं उचलून नेल्यावर
जे उरतं ते कायतान माझ्यासाठी बाजूला ठेवतो:
ऑइलपेंटच्या जुन्या डब्यात चिखल, कुर्ल्यांचे पाय
आणि तळाशी पाच-सहा शंकूगोगलगाई,
सुपारीएवढ्या, मळकट साल पांघरलेल्या.

कायतानचं वर्गीकरण सोपं आहे.
कळंगुटला खपतात त्या.
खपत नाहीत त्या.
आणि "ती".
ती म्हणजे जिनं रुझारच्या तळहातात काहीतरी टोचलं,
आणि दुपारपर्यंत रुझारला
बोटांतली विडी आपली वाटेना.

माझं जरा लांबचं.
शंख रात्रभर ब्लीचमध्ये. सकाळी साल सुटते
आणि खालून नक्षी वर येते: तंबूंमागे तंबू,
शिंप्यानं जेवायला उठताना अर्धे सोडल्यासारखे टाके.
लांबी मोजते, रुंदी मोजते,
खांद्यावर गाठी आहेत का, शिखर चपटं की चढतं.

केंकरे सरांनी सव्वीस वर्षं हेच केलं
आणि नवव्या ट्रेवर, निळ्या शाईत,
एकशे चौदा शंखांना एकच नाव दिलं.
"नक्षी खोटं बोलत नाही," म्हणायचे.

खोटं नाही, सर. ती बोलतच नाही.
दिवसभर वाळूत पुरून घेतलेल्या,
वरून साल ओढलेल्या जिवाला
ती दाखवायची तरी कुणाला?

दात वेगळा.
मांस विरघळवलं की पेल्याच्या बुडाशी
एक पांढरी काडी उरते, पापणीच्या केसाहून लहान.
भिंगाखाली ती सुरळी होते, आतून पोकळ,
टोकाला आकडा.
भात्यात असे डझनावारी. एक मारायचा, तो गेला.
पुढचा तयार.

नवव्या ट्रेतल्या एकोणिसांचं मांस
स्पिरिटच्या बाटल्यांत अजून होतं.
अकरांचा दात आखूड, करवतीच्या कडेचा;
पोटात समुद्री किड्यांचे सोनेरी केस.
आठांचा लांब, सडसडीत, सुईसारखा;
पोटात दुसऱ्या गोगलगाईचे दात,
न पचलेले, रांगेत, जसेच्या तसे.

मी पुन्हा मोजलं. रविवारी येऊन पुन्हा मोजलं.

मग फेरीनं नाही, बसनं रायबंदरला गेले,
स्लाइड रुमालात गुंडाळून.
सर व्हरांड्यात होते. त्यांचे दात
तिपाईवर, पाण्याच्या पेल्यात.
सगळं सांगून झालं तेव्हा खाली मांडवीवरून
खनिजाची एक बार्ज गेली, दुसरी गेली.
"पोटात काय होतं म्हणालीस?"
मी पुन्हा सांगितलं.
"आणि मी कधी पोट उघडलं नाही."
हे त्यांनी मला नाही, पेल्याला सांगितलं.
मग जरा वेळानं, बोळक्या तोंडानं:
"अकरांना माझंच नाव राहू दे हां."

आतून सून पेज घेऊन आली, सोबत मिठातलं तोर.
तोर त्यांनी चोखलं, चावलं नाही.
सवयीनं माझ्या मनात रकाना भरला गेला,
आणि मला माझीच लाज वाटली.

एक गोष्ट मी त्यांना सांगायची विसरले.
शंख उभा कापला तर दिसतं:
वाढताना ही आतल्या जुन्या भिंती
आपणच विरघळवते, कागदाइतक्या पातळ करते,
राहायला जागा व्हावी म्हणून.
बाहेरून खांदा तोच, नक्षी तीच,
लेबलसुद्धा तेच.

उरलेल्या पंचाण्णवांत मांस नाही.
ते कोणत्या दाताचे, कुणालाच कळणार नाही.
त्यांच्यासाठी मी दहावा ट्रे केला आहे,
आणि त्यावर काय लिहावं, ते पेन्सिलनं
तीनदा लिहून तीनदा खोडलं आहे.

आज पहाटे कायताननं डबा पुढे केला आणि लगेच मागे घेतला.
"राव गो बाय. जिती आसा."
चिखलातून एक नळी वर आली होती,
काळ्या काठाची,
आणि पाणी हुंगत
सावकाश
माझ्या बाजूला वळत होती.