एक, आठ, चार, तीन

रविवारी रे रोडच्या गाळ्यात मशीन बंद असतं
आणि तोंडं चालू.
मिनोचर भाठेना उलट्या क्रेटवर बसतो,
आधी पेपर अंथरून.
"सहा. एका रांगेत. तीन लिटर.
चालू इंजिनवर रुपया उभा कर,
पडला तर गाडी तुझी."
रुपया तो खिशातून कधी काढत नाही.

ओजस टिपणीस सव्वीस वर्षांचा, त्याच्याकडे आकडे:
दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो,
आणि घोडे, अंकल, तुमच्याहून नव्वद जास्त.
"असतील," मिनोचर म्हणतो, "पन दमेकरी.
पाय दाबला की आधी श्वास घेतात, मग धावतात."
ओजसकडे याला उत्तर असतं.
ते येतं, जरा उशिरा.

बर्ट्रम डिमेलो बोलत नाही.
त्याची आठवाली माथारपाखाडीत
निळ्या ताडपत्रीखाली, चार पेव्हर ब्लॉकवर,
अकरा वर्षं.
सातव्या सिलिंडरचा पिस्टन
त्याच्या गॅलरीत ॲशट्रे आहे.
इंजिनचा ब्लॉक माझ्या कोपऱ्यात,
दोन्ही हात पसरून कुणी "मग?" विचारावं तसा.

गुरवबाई, तुम्ही सांगा, म्हणतात.
मी काय सांगणार, माझं कामच बोअर करणं.
(हा विनोद वडिलांचा.
मशीनबरोबर तोही माझ्याकडे आला.)
लिटर म्हटलं की मला दूध आठवतं.
मला दिसतं ते भोक आणि त्याची भिंत.
गेज आत सोडलं की काटा थरथरतो,
खाली गोल, वर किंचित लंबगोल,
कळतं कोण कुणाला कुठे घासत राहिलं
इतकी वर्षं.
चार असोत, सहा असोत,
मी एका वेळी एकच बघते.

सातव्याला तडा होता, केसाएवढा.
स्लीव्ह टाकावी लागेल, मी म्हटलं, आणि आकडा सांगितला.
बर्ट्रमने टोपी काढली, परत घातली.
"सात चालतील का?"
मिनोचर आणि ओजस दोघांनी एकदमच
मान खाली घातली.
तेवढं एक एकमत मी त्यांच्यात पाहिलं.

मग दर महिन्याला गोदीच्या पेन्शनमधून एक पाकीट,
वर पेन्सिलने फक्त "७".
जुलैत ॲशट्रे आली, राखुंडीने घासलेली.
तोलून पाहिली, बाकीच्या सातांहून दीड ग्रॅम कमी.
घासलीच जास्त असणार.
मी बाकीच्या सातांचं दीड दीड ग्रॅम उतरवलं,
त्याचे पैसे लावले नाहीत.

नाताळच्या आधीचा रविवार.
गल्लीत कागदी चांदण्या, कुणाच्या तरी घरी
कुलकुल तळल्याचा वास.
बर्ट्रम किल्लीला हात लावून पुटपुटत होता,
मला वाटलं प्रार्थना.
एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन.
ठिणगीचा क्रम.
एक, आठ, चार, तीन, सहा, पाच,
इथे तो अकरा वर्षं थांबायचा, म्हणे.

पहिल्यांदा नुसता खोकला. दुसऱ्यांदाही.
मग आवाज आला तो कानात नाही,
चपलेच्या तळव्यातून.
पत्र्यावरची कबुतरं उठली.
समोरच्या म्हाताऱ्या फिलोमिनाने खिडकी लावून घेतली,
मग उघडली, मग खुर्चीच आणून बसली.
ओजसने फोन काढला होता आवाज मोजायला,
तो हातातच राहिला.

मिनोचरने खिशातून रुपया काढला. खरंच काढला.
इंजिनवर उभा केला.
रुपया कडेपर्यंत चालत गेला आणि
गाडीखाली पडला.
"बघ," तो म्हणाला, डोळे पुसत, "सहा असते तर."

"पण नेणार कुठे अंकल?" ओजस.
"कोस्टल रोडलासुद्धा ऐंशीची मर्यादा आहे."
बर्ट्रमने इंजिन बंद केलं नाही.
"ऐंशी पुरे. प्रत्येकाच्या वाट्याला दहा."

ओजस म्हणाला, माझ्याकडे वीस येतात.
मिनोचर बोटं मोजत राहिला.
ऐंशीला सहाने भाग जात नव्हता.