इतर

आमच्या रजिस्टरात रकाने आहेत:
गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कोंबडी,
आणि कडेला, बोटभर रुंदीचा, इतर.
एकतीस वर्षांत तिथे मी लिहिलंय
तारेला चिकटलेलं एक वांदर,
काठेवाड्यांचा एक लंगडा उंट,
आणि पोलीस पाटलाचा पोपट,
जो आणला तेव्हाच मेलेला होता.

पुसाच्या थंडीत त्रिशा सयाम आली, सहावीतली,
बुटाच्या खोक्याला भोकं पाडून.
"काका, माह्या बोंड्यावर बाजेचा पाय पडला.
दोन दिवस झाले, काही खाऊनच नाही राह्यला."
साहेब दौऱ्यावर. मी झाकण उघडलं.
फुटल्या बोंडासारखं पांढरं काहीतरी
कोपऱ्यात दाटून बसलेलं.
रांगेतला म्हातारा वाकला. "घूस व्हय का?"
पोट्टीने त्याच्याकडे असं पाहिलं
की त्याने बिडी विझवली.

माझं पद पट्टीबंधक.
बैल पाडायचा कसा ते मला विचारा.
म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून
आडवं रेडकू मी सरळ केलंय.
पण किराण्याच्या काट्यावर सहाशे चाळीस ग्रॅम,
हे धरायचं कसं?
दाबलं तर मोडेल, सोडलं तर पडेल,
आणि तळव्यात त्याचं काळीज एवढ्या घाईत
की मोजताना मीच दोनदा चुकलो.

फोनवर साहेब म्हणाले, "गिनीपिग आहे ते.
पेनिसिलीन देऊ नका, मरतं.
आणि पोट थांबू देऊ नका. दर दोन तासांनी चारा."
म्हणजे बैलाला जे तारतं ते याला मारतं.
हे मला एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

तुराटीची चोय काढली, सरकीचा कापूस गुंडाळला,
करंगळीएवढ्या पायाला पट्टी बांधली.
खोकं घेऊन घरी आलो
तर शेवंता दारातच,
"सरकारनं आता उंदरंबी पोसाले लावले का?"
मी पाट्यावर सांभार वाटला, लसूणघास वाटला,
त्यात आवळ्याचे दोन थेंब.
सुई काढलेली सिरिंज दाताच्या बाजूने सारली.
पहिला घास माझ्या बाहीवर. दुसरा त्याच्या कानावर.
तिसऱ्याला जबडा हलला, जरासा,
जसं कोणी झोपेत नाव घेतं.

उबेसाठी पव्व्यात गरम पाणी भरून
फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवला.
दारूबंदीच्या जिल्ह्यात पव्वा कुठला,
हे शेवंताने विचारलं नाही.
बारा वाजता मी उठलो. दोन वाजता मी उठलो.
चार वाजता जाग आली तर अंथरुणात मी एकटा,
आणि चुलीजवळ ती,
मांडीवर टॉवेल, टॉवेलात तो,
"घे ना रे बापू, एवढा घे,
काल किती चांगला घेतला होता."
इतक्या हळू आवाजात ती बोलते
हे मी विसरून गेलो होतो.
डोळे मिटून पडून राहिलो.
सहाचा गजर बंद करून टाकला.

तिसऱ्या दिवशी पहाटे खोक्यात लेंड्या.
मी मोजल्या. अकरा.
शेवंताने चष्मा लावून मोजल्या.
"बारा हायेत. एक पव्व्याखाली हाय."
आम्ही दोघं तिथेच उकिडवे बसलो,
चहा उतू गेला.

संध्याकाळी त्रिशा आली.
तिच्या पिशवीचं प्लॅस्टिक वाजलं मात्र,
खोक्यातून एक शिट्टी,
लांब, उर्मट, भुकेली.
इतके दिवस आमच्याशी चकार शब्द नाही!
पोट्टीने मुठीतली दोन रुपयांची नाणी पुढे केली,
फी म्हणून. मी पावती फाडली.
सरकारी काम आहे.

रजिस्टर काढलं.
इतरच्या रकान्यात गिनीपिग मावेना,
म्हणून लिहिलं, बोंड्या.

महिनाअखेरीस तालुक्याहून बाबूचा फोन,
"पेंदोरजी, हा बोंड्या कोणता प्राणी?"
मी म्हटलं, "पांढरा. मागचा डावा पाय.
पोट सुरू आहे."